परक्या मुलुखात हक्कासाठी तुरुंगात गेलेले इमामसाहेब

श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड या किनारपट्टीतल्या कितीतरी घरांतलं कुणी ना कुणी परदेशात कमावतं. व्हिसा, इकामा, पासपोर्ट हे शब्द आपल्याकडे लहान पोरांनाही पाठ आहेत. परक्या मुलुखात एका कागदावर माणसाची इज्जत कशी अडकते, हे आपल्याला कुणी सांगायला नको. म्हणूनच आज आम्ही मरहूम इमाम अब्दुल कादिर बावजीर यांची आठवण करून देत आहोत.

त्यांचे पूर्वज अरब, पण कोकणात येऊन स्थायिक झालेले. वडील मुंबईच्या जुम्मा मशिदीचे मुअज्जिन. इमामसाहेब मात्र दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गला राहत आणि तिथल्या मशिदीत इमामत करत. आवाज गोड, कोकणीही येई. राहणी ऐटीची, पायी चालायची फारशी सवय नव्हती.

१९०७ साली ट्रान्सवाल सरकारने कायदा केला. प्रत्येक आशियाई माणसाने दहाही बोटांचे ठसे देऊन दाखला काढायचा आणि पोलिसाने मागितला की दाखवायचा. गुन्हेगाराला लावावा तसा हा नियम मेहनत करून पोट भरणाऱ्यांना लावला होता. त्याविरुद्ध उभ्या राहिलेल्यांत जोहान्सबर्गची हमीदिया इस्लामिक सोसायटी पुढे होती. ही संस्था १९०६ सालची. फेरीवाले, दुकानदार असे साधे लोक तिच्या सभांना जमत. नोंदणी कचेरीबाहेर उभे राहून कार्यकर्ते लोकांना समजावत. इमामसाहेब पुढे तिचे अध्यक्ष झाले.

दाखला नसेल तर फेरीचा परवाना मिळेना. तेव्हा १९०८ च्या जुलैत इमामसाहेब स्वतः परवान्याशिवाय फेरीला निघाले आणि तुरुंगात गेले. मिंबरवरून नुसती नसीहत करून ते थांबले नाहीत. १६ ऑगस्टला हमीदिया मशिदीच्या आवारात मोठ्या लोखंडी कढईत हजाराहून जास्त दाखले जाळले गेले. त्या गर्दीत मुसलमान होते, हिंदू होते, चिनीही होते.

१९१३ साली तिथल्या एका न्यायाधीशाने निकाल दिला आणि ख्रिस्ती पद्धतीने न झालेली लग्नं कायद्यापुढे टिकेनाशी झाली. निकाह करून आणलेली बायको बेकायदा ठरू लागली, तेव्हा बायकाही लढ्यात उतरल्या. १९१४ च्या कायद्याने ही लग्नं मान्य झाली आणि करार संपलेल्या मजुरांवरचा तीन पौंडांचा कर गेला. सगळे अन्याय मात्र संपले नाहीत.

नंतर इमामसाहेब कुटुंबासह गांधीजींच्या साबरमती आश्रमात राहिले. २१ मे १९३० रोजी धारासणाच्या मिठागरावर गेलेल्या सत्याग्रहींच्या पुढाऱ्यांत हे म्हातारे इमाम होते. तिथेही त्यांना अटक झाली. १९३१ साली त्यांचा इंतेकाल झाला.

आज आपल्या पोराचा पासपोर्ट मालकाने दाबून ठेवला, पगार अडवला, तर गावची जमात धावून जायला हवी. आणि आपल्याच बंदरांवर परमुलखातून कामाला येणारे खलाशी, मजूर? त्यांचा पगार, त्यांची इज्जत हीसुद्धा आपलीच जबाबदारी आहे. जे आपण परदेशात मागतो, ते आपल्या दारात नाकारलं तर इमामसाहेबांचं नाव घ्यायचा आपल्याला काय हक्क?

अल्लाह त्यांची मगफिरत करो. आमीन.