अस्थिरोपणाचे आद्य आचार्य : सर विल्यम मॅक्यूअन

भंडारा जिल्ह्यातील धानाची बांधी असो की तुमसर तालुक्यातील चिखल्याची मँगनीजची खाण असो, येथील असंख्य कुटुंबांचा संसार हातांच्या बळावर चालतो. कर्त्या माणसाचा हात निकामी झाला म्हणजे घराचा आधारच जातो. म्हणून नष्ट झालेले हाड पुन्हा उभे करण्याची विद्या ज्यांनी सिद्ध करून दाखविली, त्या थोर शस्त्रवैद्याचे चरित्र आपल्या तरुणांपुढे ठेवणे अगत्याचे वाटते.

विल्यम मॅक्यूअन यांचा जन्म २२ जून १८४८ रोजी स्कॉटलंडमधील ब्यूट बेटावर, रॉथसे गावाजवळ झाला. १८७२ साली ते ग्लासगो विद्यापीठाचे वैद्यकीय पदवीधर झाले. जखम जंतुविरहित राखण्याचे तत्त्व प्रतिपादणारे जोसेफ लिस्टर हे तेथे त्यांचे गुरू होते. गुरूची शिकवण शिष्याने पुढे नेली. शस्त्रे, पट्ट्या, अंगरखे हे सारेच निर्जंतुक असावे, असा त्यांचा कटाक्ष असे. पुढील यशाचा पाया हाच होय. कारण जंतुदोष झालेल्या जखमेत पराव्या हाडाचा तुकडा तग धरीत नाही.

१८७८ साली सुमारे तीन वर्षांचा एक मुलगा त्यांच्या रुग्णालयात आला. अस्थिदाहाने त्याच्या दंडाचे हाड कुजले होते. मृत हाड काढून टाकावे लागले. तेथे नवे हाड उगवेल अशी आशा होती. परंतु वर्ष उलटले तरी हाड धरले नाही व हात लोंबकळतच राहिला. असा हात कापून टाकणे हाच त्या काळचा मार्ग होता. मॅक्यूअन यांनी तो पत्करला नाही.

त्यांच्याच रुग्णालयात मुडदुसाने पाय वाकलेली अनेक मुले येत. ग्लासगोच्या धुराने कोंदलेल्या, सूर्यप्रकाशाला पारख्या झालेल्या वस्त्यांत हा रोग घरोघर होता. पाय सरळ करण्यासाठी छिन्नीने नडगीच्या हाडाची पाचर काढावी लागे. एरवी टाकून द्यावयाच्या या पाचरी त्यांनी घेतल्या, त्यांचे बारीक तुकडे केले व मुलाच्या दंडात स्नायूंमध्ये खाच करून ते बसविले. काही महिन्यांच्या अंतराने असे तीन वेळा केले. तुकडे एकजीव झाले, दंड भरला, हात कामाला लागला. १८८१ साली त्यांनी हा वृत्तांत लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडला. तोच मुलगा पुढे प्रौढ वयात त्याच हाताने कष्ट करून पोट भरीत होता.

नवे हाड केवळ अस्थीवरील आवरणातून निर्माण होते, असे फ्रान्समधील ऑलिए यांचे मत होते. मॅक्यूअन यांनी मात्र खुद्द हाडातच वाढीची शक्ती असल्याचा पक्ष घेतला व १९१२ साली त्यावर ग्रंथ लिहिला. आवरण व अस्थी या दोहोंतील पेशी हाड घडवितात, हे पुढे स्पष्ट झाले. कलमी तुकडा मुख्यतः मांडवासारखा उपयोगी पडतो. शरीर तो हळूहळू झिजविते आणि त्याच्या जागी स्वतःचे हाड रचते. आज बहुधा रुग्णाच्याच कटिभागातील हाड त्यासाठी घेतात. परक्याचे हाड वापरावयाचे झाल्यास ते जपून ठेवणाऱ्या पेढ्या आहेत. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात अशी पेढी १९८८ साली सुरू झाली.

१८९२ साली मॅक्यूअन आपल्याच विद्यापीठात शल्यशास्त्राचे प्राध्यापक झाले व १९०२ साली त्यांना सर ही पदवी मिळाली. पहिल्या महायुद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांसाठी १९१६ साली अर्स्किन येथे रुग्णालय निघाले, त्यात त्यांचा पुढाकार होता. क्लाइड नदीवरील जहाजबांधणीच्या कारखान्यांतील कुशल कारागिरांना हाताशी धरून त्यांनी तेथे लाकडी पाय घडविले. जेथे हाड वाचविता येत नव्हते, तेथेही माणूस पुन्हा उभा राहावा हीच त्यांची तळमळ होती. २२ मार्च १९२४ रोजी त्यांचे निधन झाले.

एका बालकाच्या पायातून काढलेला वाकडा तुकडा दुसऱ्या बालकाच्या हाताचा आधार झाला. देणारी व घेणारी दोन्ही लेकरे सामान्य घरची होती. निरुपयोगी म्हणून आपण जे टाकतो, त्यात कुणाचा तरी आधार दडलेला असतो, हे ओळखणारी दृष्टी आपल्या विद्यार्थ्यांच्या ठायी यावी, एवढीच या चरित्रापासून अपेक्षा.