खर्जाचा कारागीर

लोकप्रिय संगीताला खर्जाचा नवा पाया देणाऱ्या लिओ फेंडर यांना स्वतःला गिटार वाजविता येत नव्हती. १९५१ मध्ये ‘प्रिसिजन बास’ हे चार तारांचे वाद्य बाजारात आणल्यावरही ते ती शिकले नाहीत आणि पुढील चाळीस वर्षांत तशी गरज त्यांना भासलीही नाही. वादक समोर बसून वाजवीत, फेंडर ऐकत आणि मग टेबलाशी जाऊन एखादा स्क्रू, एखादी पट्टी, एखादे वेटोळे बदलत. मूळचे ते रेडिओ दुरुस्त करणारे. त्यांच्या वाद्यांचे सारे मर्म या एका गोष्टीत दडलेले आहे.

क्लॅरेन्स लिओनिडास फेंडर यांचा जन्म १० ऑगस्ट १९०९ चा. कॅलिफोर्नियात ॲनाहाइम आणि फुलर्टन या गावांच्या दरम्यान त्यांच्या आईवडिलांची संत्र्याची बाग होती. वयाच्या आठव्या वर्षी गाठीमुळे डावा डोळा काढावा लागला आणि तिथे काचेचा डोळा बसविण्यात आला. मोटारींच्या विजेच्या कामाचे दुकान चालविणाऱ्या मामांकडून विजेच्या सुट्या भागांचे वेड लागले ते कायमचे. शिक्षण मात्र हिशेबनिसाचे झाले. तीसच्या दशकातील महामंदीत ती नोकरी गेली. १९३८ मध्ये सहाशे डॉलर कर्ज काढून त्यांनी फुलर्टनमध्ये ‘फेंडर रेडिओ सर्व्हिस’ हे दुकान उघडले. लग्नाला चार वर्षे झालेली, हातात पैसा नाही आणि भवितव्य अनिश्चित, अशी ती वेळ होती.

दुकानात रेडिओबरोबरच परिसरातील वादकांचे ॲम्प्लिफायर येऊ लागले. कुठला भाग आधी निकामी होतो, कुठला सांधा प्रवासात निखळतो, हे फेंडर यांना रोजच्या रोज दिसत होते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस ते वाद्यनिर्मितीकडे वळले. लाकडाच्या भरीव पाटाची त्यांची गिटार, जी पुढे ‘टेलिकास्टर’ म्हणून नावाजली, १९५० च्या सुमारास आली. तिची दांडी सरसाने चिकटविलेली नव्हती. ती चार स्क्रूंनी पाटाला जोडलेली होती. परंपरागत वाद्यकारांनी नाके मुरडली. दुरुस्ती करणाऱ्या माणसाला मात्र ही रचना साहजिक वाटली: दांडी वाकली तर स्क्रू काढावेत, दुसरी बसवावी, वादकाला त्याच संध्याकाळी कार्यक्रमाला जाऊ द्यावे. भिवंडीत धामणकर नाक्याच्या आसपास यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेल्यांना हे तत्त्व वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. जुना माग मोडीत न काढता झिजलेला भाग बदलून तो चालता ठेवायचा, ही तिथली जुनीच रीत.

बास गिटारचा जन्मही असाच अडचणीतून झाला. तोवर वाद्यवृंदात खर्ज सांभाळी ते डबल बास. पुरुषभर उंचीचे हे वाद्य मोटारीच्या टपावर बांधून न्यावे लागे आणि विजेवरील गिटार व ढोलांच्या आवाजात ते ऐकूही येत नसे. शिवाय त्याच्या दांडीवर पडदे नसल्याने बोट केसभर सरकले की सूर ढळे. फेंडर यांनी पडदे बसवून हा प्रश्न सोडविला. ‘प्रिसिजन’ म्हणजे अचूकपणा, हे नाव त्यावरूनच आले. पडदे असलेला विजेवरील बास सिएटलच्या पॉल टुटमार्क यांनी तीसच्या दशकातच केला होता, पण तो फारसा कोणापर्यंत पोहोचला नाही. फेंडर यांनी चौतीस इंच लांबीची तार निश्चित केली, सोबतीला १९५२ मध्ये ‘बासमन’ हा ॲम्प्लिफायर दिला आणि पुढे जगभरच्या कारखान्यांनी तेच माप प्रमाण मानले.

या पहिल्या बासची घोडी म्हणजे वाकविलेली पोलादी पट्टी. तिच्यावर फक्त दोन आधार, प्रत्येकावर दोन तारा. आपल्या तंबोऱ्याचा मणी सरकवून सूर बारकाईने मिळविता येतो. या घोडीवरचा आधार मात्र तारेची लांबी ठरवितो आणि ती बिनचूक असेल तरच वरच्या पडद्यांवर सूर खरा लागतो. दोन तारांना एकच आधार म्हटल्यावर एकीचे जमवावे तर दुसरी बिघडे. १९५७ मध्ये फेंडर यांनी प्रत्येक तारेला स्वतंत्र आधार दिला आणि तारेचा कंप टिपणारा पिकअपही दोन तुकड्यांचा केला. १९६० मध्ये अधिक निमुळत्या दांडीचा ‘जॅझ बास’ आला. आपलीच रचना अपुरी मानून ती बदलत राहणे, हा त्यांचा स्वभावच होता.

याच सुमारास शरीर दगा देऊ लागले होते. १९५५ पासून जडलेला सायनसचा जंतुसंसर्ग काही केल्या हटेना. आपले फार दिवस उरलेले नाहीत, असे वाटून त्यांनी कंपनी विकायला काढली आणि जानेवारी १९६५ मध्ये सीबीएस या बड्या उद्योगसमूहाने ती एक कोटी तीस लाख डॉलरना घेतली. त्यानंतर काही वर्षांनी एका डॉक्टरच्या उपचारांनी तो आजार बरा झाला. कंपनी गेली होती, नाव गेले होते आणि विक्रीच्या करारामुळे काही वर्षे स्पर्धेत उतरण्याचीही मुभा नव्हती.

जुन्या वाद्यांच्या बाजारात मात्र १९६५ ही लक्ष्मणरेषा ठरली. विक्रीपूर्वीच्या वाद्यांना सोन्याचे मोल आले आणि त्याबरोबर एक विचित्र सोवळेपणाही आला. मूळचा स्क्रू बदलला तरी किंमत घसरते! वादकांची गरज वेगळी असते. साठच्या दशकातील बासच्या मोठ्या पंख्यांच्या खुंट्या जड, त्यामुळे मांडीवर वाद्य दांडीच्या बाजूला कलते. वाकविलेल्या पट्टीच्या घोडीवर जोरात वाजविले तर आधार सरकतात. म्हणून सत्तरच्या दशकात ‘बॅडअ‍ॅस’ ही भरीव, वजनदार घोडी आली. पुढे गोटो, हिपशॉट यांसारख्या कंपन्यांनी जुन्या पाच स्क्रूंच्या भोकांतच चपखल बसणाऱ्या घोड्या आणि हलक्या खुंट्या काढल्या. सुज्ञ कारागीर हे काम करताना नवे भोक पाडीत नाही, घोडीखालची जमिनीची तार जपून पुन्हा दाबतो आणि काढलेले भाग पिशवीत घालून मालकाला परत देतो. खुंट्यांच्या बाबतीत भोकाचे माप आधी मोजावे लागते. ते काळानुसार बदलले आहे आणि तिथे घाई केली तर जुन्या दांडीचे लाकूड कायमचे जाते.

थोर वादकांनीही या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे दिली. मोटाउनचे जेम्स जेमर्सन यांनी आपल्या १९६२ च्या प्रिसिजन बासवर जवळपास काहीच बदलले नाही. तार तुटल्याखेरीज नवी चढवायची नाही, हा त्यांचा परिपाठ. १९८३ मध्ये त्यांच्या मृत्यूच्या थोडे आधी ते वाद्य चोरीला गेले. जॅको पास्टोरियस यांनी आपल्या १९६२ च्या जॅझ बासचे पडदेच उपटले आणि दांडीवर नावांना लावतात तसला राळेचा लेप दिला. मार्कस मिलर यांच्या १९७७ च्या जॅझ बासवर रॉजर सॅडोव्स्की यांनी ‘बॅडअ‍ॅस’ घोडी आणि बॅटरीवर चालणारे सर्किट बसविले. तो बदललेला आवाजच मिलर यांची ओळख बनला.

आणि खुद्द फेंडर? ते सोवळ्यात कधीच नव्हते. बंधनातून सुटल्यावर त्यांनी ‘म्युझिक मॅन’ कंपनीत ‘स्टिंगरे’ बास रचला. १९७६ च्या या वाद्यात बॅटरीवरील सर्किट होते, भक्कम घोडी होती आणि खुंट्या एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला एक अशा होत्या. १९७९ मध्ये पत्नी एस्थर यांचे निधन झाले. १९८० मध्ये त्यांनी फिलिस यांच्याशी विवाह केला. याच सुमारास जुने सहकारी जॉर्ज फुलर्टन यांच्यासह ‘जी अँड एल’ कंपनी सुरू झाली. तिथल्या बाससाठी त्यांनी बाजूच्या एका स्क्रूने चारही आधार एकमेकांना घट्ट आवळणारी घोडी आणि निमुळत्या खांबाच्या हलक्या खुंट्या तयार केल्या. १९५१ च्या आपल्या वाद्यातील उणिवांची यादीच जणू ते एकेक करून मिटवीत होते. त्यांची जुनी वाद्ये संग्राहक काचेच्या कपाटात ठेवीत असताना त्यांचा कर्ता शेजारच्याच गावात नव्हे, त्याच फुलर्टनमध्ये, फेंडर यांचेच नाव दिलेल्या रस्त्यावर, नवी घोडी घासत बसला होता.

अखेरच्या काळात कंपवाताने हात थरथरू लागले. तरीही ते रोज कार्यशाळेत येत. मृत्यूच्या आदल्या दिवशीही ते कामावर होते. २१ मार्च १९९१ रोजी त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’मध्ये त्यांचा समावेश झाला. त्यांची खोली ‘जी अँड एल’ने टेबलावरच्या हत्यारांसह त्यानंतर बरीच वर्षे होती तशीच जपून ठेवली.