प्रशासक आणि गणिती : जोसेफ फूर्ये

नोकरीच्या निमित्ताने महाराष्ट्राबाहेर आयुष्य काढणाऱ्या आम्हा मंडळींची एक आवडती समजूत आहे. कचेरीच्या कामातून सवड मिळाली असती, तर आपल्या हातून काही भरीव घडले असते, असे आम्ही मनाशी म्हणतो. या समजुतीला आपल्या जीवनानेच उत्तर देणारे एक गृहस्थ फ्रान्समध्ये होऊन गेले. झां बातीस्त जोसेफ फूर्ये हे त्यांचे नाव. फूर्ये श्रेणी आणि फूर्ये रूपांतर या संज्ञांमुळे विद्युत अभियांत्रिकीचा प्रत्येक विद्यार्थी त्यांना ओळखतो. तथापि उमेदीची १३ वर्षे ते एका जिल्ह्याचा कारभार पाहत होते, हे फारसे कोणाच्या ध्यानी नसते.

फूर्ये यांचा जन्म २१ मार्च १७६८ रोजी ओसेर या गावी एका शिंप्याच्या घरी झाला. वयाची दहा वर्षे पुरी होण्याच्या सुमारास ते आईवडिलांना पारखे झाले. गावातील लष्करी शाळेत त्यांना गणिताची गोडी लागली. तोफखान्यात जाण्याची त्यांची इच्छा होती, परंतु कुळ आडवे आले. मग त्यांनी मठाची वाट धरली. पण व्रत घेण्यापूर्वीच १७८९ ची राज्यक्रांती झाली आणि ते गावी शिक्षक म्हणून परतले. क्रांतीच्या धामधुमीत १७९४ मध्ये त्यांना तुरुंगवासही घडला. रोबेस्पिएरचा पाडाव झाल्यावर ते सुटले. पुढे पॅरिसमध्ये लाग्रांज, लाप्लास व माँज या थोर गणितज्ञांच्या हाताखाली त्यांनी अध्ययन केले आणि १७९७ मध्ये लाग्रांज यांच्याच जागी ते अध्यापक झाले.

येथून पुढे विद्यापीठीय आयुष्य सुरळीत चालावयाचे. पण १७९८ मध्ये नेपोलियनच्या इजिप्त मोहिमेबरोबर त्यांना जावे लागले. कैरो येथील विद्वत्संस्थेचे ते चिटणीस होते. १८०१ मध्ये ते मायदेशी परतले, ते आपल्या अध्यापनाकडे वळण्याच्या आशेने. एवढ्यात नेपोलियनने इझेर या विभागाचे प्रीफेक्ट, म्हणजे आपल्याकडील जिल्हाधिकाऱ्याच्या तोलाचे अधिकारी, म्हणून त्यांची नेमणूक केली. १८०२ मध्ये ते आल्प्सच्या पायथ्याशी ग्रनोबल येथे रुजू झाले. मनाविरुद्ध झालेल्या नेमणुकीचे दुःख काय असते, हे आमच्या वाचकांस वेगळे सांगावयास नको.

फूर्ये यांनी त्या दुःखाचा बाऊ केला नाही. बूर्ग्वॅंची दलदल अनेक गावांच्या परस्परविरोधी हक्कांमुळे वर्षानुवर्षे तशीच पडून होती. गावोगावच्या लोकांची समजूत घालून त्यांनी ती कोरडी करविली. ग्रनोबलहून तुरिनकडे जाणाऱ्या डोंगरी रस्त्याच्या कामास त्यांनी चालना दिली. इजिप्तविषयक महाग्रंथाची प्रस्तावनाही त्यांनीच लिहिली. आणि हे सारे सांभाळून ते एका प्रश्नाचा पाठपुरावा करीत होते: पदार्थात उष्णता कशी पसरते?

लोखंडाची एक कडी घ्या आणि ती एके ठिकाणी तापवा. कडीवरील निरनिराळ्या जागांच्या तापमानाचा आलेख काढला तर तो वेडावाकडा येईल. फूर्ये यांची युक्ती अशी, की ही वाकडी रेषा अनेक साध्या, नियमित लहरींची बेरीज मानावयाची. तंबोऱ्याच्या एका झंकारात जसे अनेक स्वर मिसळलेले असतात, तसेच हे. प्रत्येक लहर आपल्या ठरावीक गतीने ओसरते; कडीभोवती दुप्पट वेळा लहरणारी लहर चौपट वेगाने विरते. म्हणून बारीक चढउतार आधी नाहीसे होतात आणि शेवटी कडी सर्वत्र सारखी कोमट राहते. अवघड प्रश्नाचे सोप्या भागांत रूपांतर करावयाचे, प्रत्येक भाग स्वतंत्रपणे सोडवावयाचा आणि उत्तरांची पुन्हा बेरीज करावयाची, हे या रीतीचे मर्म होय.

डिसेंबर १८०७ मध्ये हा निबंध पॅरिसच्या विद्वत्सभेपुढे आला. कोपरे आणि तुटी असलेली रेषा गुळगुळीत लहरींच्या बेरजेने मिळू शकते, हे लाग्रांज यांना पटेना. गुरूंचाच विरोध झाल्याने निबंध छापला गेला नाही. १८११ मध्ये सुधारलेल्या निबंधास पुढे पारितोषिक मिळाले, पण सिद्धतेच्या काटेकोरपणाविषयी शेरा मारूनच. आणि छपाई तेव्हाही झाली नाही. तो आक्षेप अगदीच निराधार नव्हता. ही बेरीज केव्हा खात्रीने जुळते, हे काटेकोरपणे दाखविण्याचे श्रेय १८२९ मध्ये तरुण डिरिख्ले यांना मिळाले.

दरम्यान १८१५ मध्ये नेपोलियन एल्बाहून परतला, त्याने फूर्ये यांना लियों येथे नेमले आणि थोड्याच दिवसांत ते पद गेले. राज्य बदलले, पदही नाही आणि उत्पन्नही नाही, अशा अवस्थेत ते पॅरिसला आले. एका जुन्या विद्यार्थ्याच्या साहाय्याने त्यांना सांख्यिकी कचेरीत काम मिळाले. तेथेही ते नुसते आकडे जुळवीत बसले नाहीत; पॅरिसच्या लोकसंख्येच्या तक्त्यांबरोबर मोजमापांच्या सरासरीत किती चूक संभवते, याचेही विवेचन त्यांनी केले. १८१६ मध्ये विद्वत्सभेवर झालेली त्यांची निवड राजाने नामंजूर केली; १८१७ मध्ये ते पुन्हा निवडून आले. अखेर १८२२ मध्ये उष्णतेचा वैश्लेषिक सिद्धांत हा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पहिल्या निबंधापासून तोवर १५ वर्षे लोटली होती. त्याच वर्षी ते सभेचे कायम चिटणीस झाले आणि पुढे १८११ चा आपला निबंध त्यांनी सभेच्या ग्रंथमालेत छापविला. १६ मे १८३० रोजी पॅरिस येथे त्यांचे निधन झाले.

१९६५ मध्ये कूली व ट्युकी यांनी हे गणित संगणकावर झपाट्याने करण्याची रीत प्रसिद्ध केली आणि तिचा प्रसार सर्वत्र झाला. आज ध्वनी व संदेशांच्या पृथक्करणात आणि रुग्णालयातील एमआरआय यंत्राच्या चित्रात फूर्ये यांचीच युक्ती काम करते.

प्रज्ञा ही देवाची देणगी खरी आणि ती सर्वांस सारखी लाभत नाही. परंतु फूर्ये यांना फुरसतही लाभली नव्हती, हे आम्ही विसरू नये. दलदलीचे काम त्यांनी गणितासाठी टाळले नाही आणि गणित दलदलीच्या कामासाठी सोडले नाही. मंडळाची नाटके, ग्रंथालये आणि बालवर्ग गेली ५० वर्षे कचेरी सुटल्यानंतरच्या वेळेतच उभे राहिले आहेत. तेव्हा सवडीची तक्रार करण्यापूर्वी आम्ही या फ्रेंच अधिकाऱ्याचे स्मरण करावे, हेच उचित.