चाकांना न जोडलेलं इंजिन: फर्डिनांड पोर्शेची गोष्ट

हायब्रिड कार म्हटलं की मला १९९७ ची टोयोटा प्रियसच आठवायची. पण व्हिएन्नातल्या लोनर कंपनीत फर्डिनांड पोर्शेने १९०० मध्येच अशी गाडी बनवली होती! बोहेमियातल्या पत्रेकाम करणाऱ्या कारागिराचा हा मुलगा तेव्हा जेमतेम २५ वर्षांचा होता.

त्याच्या आधीच्या इलेक्ट्रिक गाडीत नुसती शिशाची बॅटरीच ४०० किलोच्या वर होती. म्हणून त्याने बॅटरी लहान केली आणि दोन छोटी पेट्रोल इंजिनं बसवली. गंमत म्हणजे ही इंजिनं चाकांना जोडलेलीच नव्हती. ती फक्त जनरेटर फिरवायची आणि वीज वायरमधून पुढच्या चाकांतल्या मोटरींकडे जायची. ना गिअरबॉक्स, ना चेन. यालाच आज आपण सिरीज हायब्रिड म्हणतो. प्रियसचं तसं नाही, तिथे इंजिन प्लॅनेटरी गिअरमधून थेट चाकांनाही जोर देतं.

गाडी जड आणि महाग, त्यामुळे फार खपली नाही. पण पोर्शेने कल्पना सोडली नाही. दुसऱ्या महायुद्धात हिटलरच्या सैन्यासाठी रणगाडा करतानाही त्याने इंजिन-जनरेटर-मोटर हीच रचना वापरली. इथे मला त्याचं कौतुक करणं जड जातं. तो नाझी पक्षाचा सदस्य होता आणि ज्या फोक्सवागन कारखान्याच्या कारभारात तो होता, तिथे सक्तीने आणलेल्या मजुरांना राबवलं गेलं. चाचण्यांत रणगाडा रखडला, तयार सांगाड्यांवर मग मोठ्या तोफा चढवल्या गेल्या आणि त्या वाहनाला नाव मिळालं ‘फर्डिनांड’. युद्धानंतर तो फ्रान्समध्ये कैदेत होता. १९५१ मध्ये स्टुटगार्टला तो वारला.