पाठीचा कणा मोडलेल्यांचा डॉक्टर

अंधेरी, घाटकोपर वा मुलुंडला धावत्या लोकलमधून पडून एखाद्याच्या पाठीचा कणा मोडला, की नातेवाइकांचा पहिला प्रश्न शस्त्रक्रियेचा असतो. पण अशा रुग्णाचे जगणे-मरणे बव्हंशी शुश्रूषेवर ठरते, हे सिद्ध केले ते डॉ. लुडविग गुटमन यांनी.

तत्कालीन जर्मनीतील टोस्ट येथे ३ जुलै १८९९ रोजी एका ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १९१७ मध्ये खाणकामगारांच्या रुग्णालयात काम करताना त्यांनी पाठ मोडलेला एक धडधाकट तरुण पाहिला. त्याला प्लॅस्टरमध्ये जखडून ठेवण्यात आले. तो वाचणार नाही, हे सर्वांनी गृहीतच धरले होते. पाच आठवड्यांत जंतुसंसर्गाने तो दगावला. शय्याव्रण आणि मूत्रमार्गाचा संसर्ग हेच अशा रुग्णांचे खरे मारेकरी होते.

पुढे ब्रेस्लाऊ येथे मज्जाविकारतज्ज्ञ म्हणून गुटमन यांनी लौकिक मिळवला. परंतु नाझींच्या छळामुळे १९३९ मध्ये त्यांना इंग्लंड गाठावे लागले. तेथे स्टोक मँडेव्हिल येथील मज्जारज्जू विभागाची सूत्रे १ फेब्रुवारी १९४४ रोजी त्यांनी स्वीकारली. प्लॅस्टर त्यांनी हद्दपार केले. उशांच्या आधारे मोडलेला कणा योग्य स्थितीत ठेवायचा, रात्रंदिवस दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलायची आणि निर्जंतुक नळीने लघवी काढायची, असा त्यांचा शिरस्ता. घाईच्या शस्त्रक्रियेला त्यांचा विरोध होता. तो आज तसाच्या तसा स्वीकारता येणार नाही. पाठीच्या वरच्या भागातील अस्थिभंग स्थिर असेल, तर पट्टा आणि विश्रांती पुरते; अस्थिर असेल, तर स्क्रू व सळ्या बसवून कणा जखडतात. मात्र तुटलेला मज्जारज्जू पूर्ववत करणारा उपचार अद्याप नाही. त्यामुळे कूस बदलण्यास आजही पर्याय नाही.

या भागातील दुखापतीत पाय लुळे पडले, तरी हात सहसा शाबूत राहतात. गुटमन यांनी नेमके तेच हेरले. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिम्पिकच्या उद्घाटनादिवशीच, त्यांनी चाकाच्या खुर्चीतील १६ जणांची तिरंदाजी स्पर्धा भरवली. तिचेच पुढे पॅरालिम्पिक झाले. १९७२ च्या हायडलबर्ग स्पर्धेत सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर ५० मीटर जलतरणात सुवर्णपदकाचे मानकरी ठरले. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलेल्या या जवानाने पोहण्यास सुरुवात केली होती ती उपचार म्हणूनच.

गुटमन यांचे १८ मार्च १९८० रोजी निधन झाले.