पुन्हा पुन्हा हरिभाऊ

गेल्या वर्षीच्या परीक्षेत मी सांख्यिकीत नापास झाले. बाकीचे सर्व विषय सुटले, एवढा एक राहिला. घरात कोणी रागावले नाही. पण चार दिवसांनी मावशी आली आणि तिने आईपाशी एका स्थळाची गोष्ट काढली. एक विषय राहिलाच आहे, तर आता शिक्षण कशाला लांबवायचे, असा तिचा सूर होता. आई काहीच बोलली नाही. बाबांनी माझ्या उशाजवळची जाड कादंबरी उचलली आणि कपाटावर ठेवून दिली. परीक्षा सुटेपर्यंत कादंबऱ्या बंद! ती कादंबरी होती हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो?' आणि मी ती तिसऱ्यांदा वाचत होते.

आपल्या वार्षिक अंकात दर वर्षी कोणा ना कोणा थोर व्यक्तीचे चरित्र असते. या वर्षी मी हरिभाऊंवर लिहायचे ठरवले, त्यात थोडा स्वार्थ आहे. पदवीच्या वाटेवर त्यांनाही आकड्यांनीच अडवले होते.

हरिभाऊंचा जन्म ८ मार्च १८६४ रोजी खानदेशातील पारोळे येथे झाला. लहानपणीच त्यांची आई गेली. पुढे ते मुंबईस आणि तेथून १८७८ च्या सुमारास पुण्यास आले. त्यांचे चुलते महादेव चिमणाजी आपटे हे मुंबई उच्च न्यायालयातील नामांकित वकील होते. घराला त्यांचा मोठा आधार होता. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८८० साली पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले, तेव्हा हरिभाऊ त्या शाळेत गेले. चिपळूणकर, टिळक, आगरकर असे शिक्षक ज्या शाळेत होते, त्या शाळेतील मुलांचे भाग्य काय वर्णावे! १८८२ साली चिपळूणकर वारले. त्या दुःखात या मुलाने 'शिष्यजनविलाप' नावाचे विलापकाव्य लिहिले. पुढे आगरकरांनी 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' हे भाषांतर केले, तेव्हा त्यावर सविस्तर टीका लिहिण्याचे धाडसही याच विद्यार्थ्याने केले. गुरूविषयी आदर असावा. पण गुरूचे लिखाण मात्र डोळे उघडे ठेवून वाचावे, ही त्यांची रीत तेव्हापासूनची दिसते.

१८८३ साली ते मॅट्रिक झाले. मग डेक्कन कॉलेज आणि फर्ग्युसन कॉलेज अशी दोन्ही कॉलेजे झाली. पण गणित काही जमेना. संस्कृत आणि इंग्रजी साहित्यात बुडालेला हा तरुण गणिताच्या पेपरापाशी अडला. शेवटी पदवी न घेताच त्यांनी कॉलेज सोडले.

चरित्रे वाचताना अशा ठिकाणी आपण पटकन पुढे जातो. पुढे तो माणूस मोठा झाला हे आपल्याला ठाऊक असते ना! पण त्या वेळी ते त्यांना कुठे ठाऊक होते? एकवीस-बावीस वर्षांचे वय, विद्यार्थिदशेतच झालेले लग्न, घरात नामांकित वकील चुलते आणि आपल्या हाती पदवी नाही. त्या दिवसांत ते संध्याकाळी घरी कसे जात असतील, याचा विचार मी या वर्षी प्रथमच केला.

मात्र त्यांचे लिहिणे सुरू झालेले होते. १८८५ साली 'पुणे वैभव' पत्रातून 'मधली स्थिती' ही त्यांची पहिली सामाजिक कादंबरी क्रमशः येऊ लागली. तेव्हा ते माझ्याहून फक्त एका वर्षाने मोठे होते. त्याआधीच्या मराठी कादंबऱ्यांत अद्भुत प्रसंग आणि राजपुत्र-राजकन्या फार. हरिभाऊंनी वाचकाला पुण्यातल्या वाड्यात, माजघरात, ओसरीवर आणून बसवले. स्कॉट, डिकन्स, जेन ऑस्टिन हे त्यांच्या वाचनातले लेखक. इंग्रजी कादंबरी वाचून त्यांनी इंग्रजांची नक्कल केली नाही, आपल्याच घराकडे पाहिले.

चुलत्यांनी पुण्यात आनंदाश्रम ही संस्था काढली होती. संस्कृत हस्तलिखिते जमवावीत, शुद्ध करून छापावीत, हा तिचा उद्देश. तिच्या व्यवस्थेचे काम हरिभाऊंकडे आले आणि ते त्यांनी जन्मभर केले. आनंदाश्रमाच्या मालेत पुढे शंभरावर ग्रंथ निघाले. पोथ्या, पंडित, छापखाना, कागद आणि हिशेब! मी वाणिज्य शाखेची असल्याने मला यातली गंमत विशेष वाटते. ज्यांना गणिताने पदवी मिळू दिली नाही, त्यांनी जन्मभर एका संस्थेचा कारभार सांभाळला.

ऑक्टोबर १८९० मध्ये त्यांनी 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केले. गोष्टी, चरित्रे, शास्त्रीय माहिती असे घरातल्या सर्वांना वाचता येईल ते त्यात असे. 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी 'करमणुकी'तून १८९० ते १८९३ या काळात प्रसिद्ध झाली. त्या दिवसांत पुण्यात संमतिवयाच्या विधेयकावरून रणे माजली होती. मुलीचे संमतिवय दहाचे बारा करणारा कायदा मार्च १८९१ मध्ये झाला. टिळक त्याच्या विरोधात, आगरकर बाजूने. हरिभाऊंचे दोन गुरू दोन तटांवर उभे होते. हरिभाऊंनी सभेतले भाषण लिहिले नाही. त्यांनी यमू नावाच्या मुलीला तिची हकीकत तिच्याच तोंडाने सांगायला बसवले. माहेर, सासर, शिकायला उत्तेजन देणारा नवरा रघुनाथराव, मुंबईतले थोडे सुखाचे दिवस, मग वैधव्य आणि जुलमाने केलेले केशवपन. सव्वीस वर्षांच्या पुरुषाने एका मुलीच्या मनात इतके खोल कसे उतरावे, याचे मला दर वेळी नवल वाटते.

ही कादंबरी मी प्रथम नववीत वाचली. प्रत दादाची होती. तेव्हा मी फक्त यमूसाठी रडले. बारावीनंतर दुसऱ्यांदा वाचली, तेव्हा शंकरमामंजींवर नजर खिळली. धर्माचे नाव घेऊन घरातल्या बायकांवर सत्ता गाजवणारे ते पात्र पहिल्या वेळी मला नुसते दुष्ट वाटले होते. दुसऱ्या वेळी ओळखीचे वाटले. आणि या तिसऱ्या वेळी मी पाहत होते ती यमूच्या आईला. नवऱ्याची मर्जी सांभाळत, गप्प राहून दिवस काढणारी ती बाई आधी दोनदा माझ्या डोळ्यांसमोरून गेली होती, पण लक्षात आली नव्हती. नेमक्या त्याच दिवसांत माझी आई मावशीसमोर गप्प बसली होती. आवडती कादंबरी पुन्हा वाचण्यात हा आनंद आहे. गोष्ट ठाऊक असते, म्हणून धावायचे नसते. मग दाराआड उभी असलेली माणसे दिसू लागतात.

दादा बी. कॉम. होऊन चार वर्षे झाली. तो रविवार पेठेत एका धान्याच्या दुकानात हिशेब लिहितो. सकाळी नऊला जातो, रात्री नऊला येतो. पदवीनंतरचे आयुष्य कसे असते हे मी त्याच्याकडे पाहून शिकले. जेवण झाले की तो दिव्याखाली हरिभाऊंची 'मी' घेऊन बसतो. रोज आठ-दहा पाने, संपली की काही महिन्यांनी पुन्हा पहिल्यापासून. या कादंबरीचा नायक भावानंद हा आपले सारे आयुष्य लोककार्याला वाहून देतो. कॉलेजात असताना दादाला भावानंद व्हायचे होते. आता त्याला भावानंदाची बहीण ताई जास्त कळते, असे तो म्हणतो. नवऱ्याच्या दुर्वर्तनापुढे मान न तुकवता आपल्या वाटेने जाणारी ती बाई कॉलेजच्या दिवसांत त्याच्या नजरेतूनच सुटली होती. दिवसभर गव्हा-तांदळाच्या रकमा मांडणाऱ्या माणसाला रात्री ही आठ-दहा पाने लागतात. त्यांच्यावाचून दुसरा दिवस सुरू होत नाही.

हरिभाऊंचेही रोजचे आयुष्य असेच असणार, असे मला वाटते. 'करमणूक' १९१७ पर्यंत चालले. सत्तावीस वर्षे दर आठवड्याला अंक काढायचा, म्हणजे मजकूर हा हवाच. अंगात ताप असो वा घरात दुःख, वाचक प्रकरणाची वाट पाहत असतो. त्या धबडग्यात त्यांनी सुमारे वीस कादंबऱ्या लिहिल्या, त्यांतल्या काही अपुऱ्या राहिल्या. पुष्कळशा स्फुट गोष्टीही लिहिल्या, म्हणून मराठी लघुकथेचे जनकत्वही त्यांच्याकडे जाते. 'उषःकाल', 'गड आला पण सिंह गेला' या शिवकालावरच्या कादंबऱ्या, मौर्यकाळावरची 'चंद्रगुप्त' आणि अखेरच्या काळातली, विजयनगरच्या १५६५ मधल्या पाडावावरची 'वज्राघात'. शिवाय आनंदाश्रम, पुण्याच्या नगरपालिकेचे काम आणि तिचे अध्यक्षपद. १९१२ साली अकोल्याला भरलेल्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. जो मनुष्य पदवीधर झाला नाही, त्याने पुढे मुंबई विद्यापीठाच्या वतीने मराठी भाषा-साहित्यावर विल्सन व्याख्याने दिली.

'वज्राघात' मला मराठीत मिळण्याआधी कानडीत भेटली. आमच्या शेजारच्या काकूंकडे गळगनाथांची 'कन्नडिगर कर्मकथे' आहे. गळगनाथ म्हणजे वेंकटेश तिरको कुलकर्णी, जन्म १८६९, मृत्यू १९४२. हावेरीकडचे, पेशाने शाळामास्तर. हरिभाऊंच्या कादंबऱ्या त्यांनी कानडीत नेल्या. 'गड आला पण सिंह गेला'ची त्यांनी 'कमलकुमारी' केली आणि 'वज्राघात'वरून ही 'कर्मकथे' लिहिली. आपल्या पुस्तकांचे गाठोडे स्वतः वाहून, गावोगाव पायी हिंडून ते ती विकत. माझे शिक्षण मराठी माध्यमात झाले, त्यामुळे कानडी मला बोलायला सोपी, वाचायला जड. एकेका ओळीवर बोट ठेवून मी ती वाचली. हळू वाचल्यामुळे असेल, पण विजयनगरचा पाडाव माझ्या मनावर पक्का ठसला. पुढे मराठी 'वज्राघात' हाती आली, तेव्हा पहिल्यांदा वाचत असूनही मी ती पुन्हा वाचते आहे असेच वाटले. आपल्या या अंकात मराठी आणि कानडी असे दोन विभाग आहेत. या दोन विभागांच्या मधली वाट गळगनाथांनी पाठीवर ओझे घेऊन तुडवली आहे, हे दोन्हीकडच्या वाचकांनी आठवावे.

३ मार्च १९१९ रोजी हरिभाऊ पुण्यास वारले. पंचावन्नावा वाढदिवस पाच दिवसांवर आला होता.

आता माझ्या कपाटावरच्या पुस्तकाचे सांगते. आठ दिवस ते तिथेच होते. मग एके संध्याकाळी आजीने बाबांना ते खाली काढायला सांगितले. तिला ऐकायचे होते. डोळ्यांमुळे तिला आता वाचता येत नाही, आणि आजीला नाही म्हणणे बाबांना जमत नाही. तेव्हापासून आमच्या घरचा नेम असा झाला: संध्याकाळी दोन तास सांख्यिकी, मग अर्धा तास आजीपाशी यमू.

केशवपनाचे प्रकरण आले, त्या दिवशी माझा आवाज अडखळला. आजीने मला थांबवले आणि आपल्या आत्याची आठवण सांगितली. लाल आलवणातली, डोकीवरून पदर कधीही न ढळू देणारी ती आत्या आजीने लहानपणी पाहिली होती. ती फार चांगल्या चकल्या करी आणि कोणाच्या लग्नात पुढे येत नसे. एवढेच सांगून आजी गप्प झाली. आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहून ऐकत होती. तिच्या हातातली परात तशीच राहिली होती.

त्यानंतर मावशी पुन्हा आली. या वेळी आईने तिला स्पष्ट सांगितले की मुलगी पदवी घेईल आणि मग काय ते पाहू.

मित्रमैत्रिणींनो, पदवी मिळाली नाही तरी चालते, असा अर्थ कोणी या लेखातून काढू नये. हरिभाऊंच्या पाठीशी आनंदाश्रम स्थापणारे चुलते होते. माझ्या पाठीशी तसे चुलते नाहीत, आणि दादाच्या दुकानात दुसऱ्या कारकुनाची जागाही नाही. म्हणून मी परीक्षेचा अर्ज पुन्हा भरला आहे. सरासरी आणि प्रमाण विचलन यांची गणितेही आता मी कादंबरीसारखीच वाचते. पहिल्यांदा काही कळत नाही, दुसऱ्यांदा थोडे कळते, तिसऱ्यांदा आधी न दिसलेले दिसते.

हा लेख संपादकांकडे देताना माझा पेपर झाला आहे, निकाल यायचा आहे. घरी यमूची गोष्ट वाचून संपली. आजीने आता 'उषःकाल' सुरू करायला सांगितले आहे. ती माझी दुसरी खेप आणि तिची कितवी, ते तिलाही मोजता येत नाही.