अनोळखी सुरांचा वाटाड्या

सप्टेंबर १९७८. बीबीसीच्या 'रेडिओ वन' केंद्रावरील रात्रीच्या कार्यक्रमात 'टीनेज किक्स' हे गाणे वाजले. उत्तर आयर्लंडमधील डेरी शहरातल्या पाच तरुणांच्या 'द अंडरटोन्स' या बँडने ते बेलफास्टच्या एका चिमुकल्या कंपनीसाठी ध्वनिमुद्रित केले होते. डेरीत तेव्हा रोज बॉम्ब आणि बंदुकांची भाषा चालू होती. या मुलांनी मात्र पौगंडावस्थेतील प्रेमाच्या हुरहुरीवर जेमतेम अडीच मिनिटांचे गाणे रचले होते. गाणे संपले आणि निवेदकाने तीच तबकडी लगेच पुन्हा लावली. बीबीसीच्या शिस्तीत हे बसणारे नव्हते. पण जॉन पील यांना राहवलेच नाही. पुढे 'सायर' या अमेरिकन कंपनीशी अंडरटोन्सचा करार झाला आणि डेरीची ती पोरे जगापुढे आली.

पील स्वतः गात नसत, त्यांना कोणतेही वाद्य धड येत नसे. १९७१ मध्ये रॉड स्टुअर्टचे 'मॅगी मे' दूरचित्रवाणीवर सादर झाले, तेव्हा मँडोलिन वाजवीत असल्याचा अभिनय करणारा लाजरा माणूस म्हणजे पील. मात्र १९६७ ते २००४ अशी सदतीस वर्षे ब्रिटनमध्ये एखादा अनोळखी रॉक बँड ऐकण्याजोगा आहे की नाही, हे ठरविण्यात त्यांच्या शब्दाइतके वजन क्वचितच कोणाच्या शब्दाला असेल.

त्यांचे खरे नाव जॉन रॉबर्ट पार्कर रेव्हन्सक्रॉफ्ट. जन्म ३० ऑगस्ट १९३९ चा, लिव्हरपूलजवळच्या हेसवॉल गावचा. वडील कापसाचे व्यापारी. (एकेकाळी मुंबईच्या बंदरातून निघालेल्या गाठी याच लिव्हरपूलच्या धक्क्यावर उतरत.) श्रूजबरीच्या निवासी शाळेत हा मुलगा कोणाच्या फारसा लक्षात आला नाही. अपवाद वसतिगृहाच्या प्रमुख शिक्षकांचा. ऐकवत नाहीत अशा तबकड्यांचे वेड आणि लांबलचक, खोडकर निबंध लिहिण्याची हौस या दोन गोष्टींवर मुलाला काही विचित्र पेशा उभारता येईल का, असा प्रश्न त्यांनी प्रगतिपुस्तकात नोंदवून ठेवला. शिक्षकांची भविष्यवाणी इतकी अचूक ठरल्याची उदाहरणे विरळाच.

सक्तीची लष्करी सेवा आणि रॉशडेलच्या गिरणीतील काम आटोपून १९६० मध्ये ते अमेरिकेत टेक्सासला गेले. निमित्त वडिलांच्या कापूस व्यवसायातील ओळखीचे होते. नंतर त्यांनी विम्याच्या कंपनीत नोकरी केली. नोव्हेंबर १९६३ मध्ये केनेडी यांच्या हत्येनंतर, लिव्हरपूलच्या एका दैनिकाचा वार्ताहर असल्याची थाप मारून ते डॅलसच्या पोलिस मुख्यालयात शिरले. ली हार्वे ऑस्वाल्डला पत्रकारांपुढे उभे करण्यात आले तेव्हाच्या चित्रफितीत ते दिसतात. काही आठवड्यांतच अमेरिकेला बीटल्सचे वेड लागले आणि लिव्हरपूलकडचा असणे हीच पात्रता ठरली. डॅलसच्या एका केंद्राने त्यांना बीटल्सविषयक जाणकार म्हणून माइकपुढे बसविले. पुढे ओक्लाहोमा सिटी आणि कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो येथे त्यांनी निवेदकाची कामे केली.

याच काळातील एक गोष्ट त्यांच्या चाहत्यांना अवघड वाटत आली आहे. १९६५ मध्ये टेक्सासमध्ये त्यांनी जिच्याशी विवाह केला ती मुलगी अवघ्या पंधरा वर्षांची होती. तो विवाह टिकला नाही. १९७३ मध्ये घटस्फोट झाला. मृत्यूनंतर, विशेषतः २०१२ मध्ये बीबीसीच्या जुन्या निवेदकांच्या वर्तनाची चर्चा सुरू झाली तेव्हा, या प्रकरणाकडे पुन्हा बोट दाखविले गेले. ते वगळून त्यांचे चरित्र सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

१९६७ च्या प्रारंभी ते मायदेशी परतले आणि 'रेडिओ लंडन'मध्ये दाखल झाले. हे केंद्र म्हणजे समुद्रात नांगरलेले जहाज. सरकारी परवान्याविना गाणी वाजविणाऱ्या अशा केंद्रांना लोक चाच्यांचे रेडिओ म्हणत. पील हे सुटसुटीत आडनाव त्यांना तेथेच मिळाले. मध्यरात्रीनंतरच्या 'परफ्यूम्ड गार्डन' या कार्यक्रमाकडे वरिष्ठांचे लक्ष नसे, म्हणून त्यांनी जाहिराती आणि लोकप्रिय गाणी बाजूला सारून मनाला येईल ते वाजविले. ऑगस्टमध्ये नव्या कायद्याने ही केंद्रे बंद पडली. सप्टेंबरअखेर बीबीसीने 'रेडिओ वन' सुरू केले आणि पील तेथे आले. त्या पहिल्या फळीतील निवेदकांपैकी अखेरपर्यंत टिकले ते एकटेच.

त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या 'पील सेशन्स'चा उगम मात्र कलेत नाही, कामगार संघटनेच्या करारात आहे. तबकड्या वाजवून वादकांच्या पोटावर पाय येऊ नये, म्हणून बीबीसीवर तबकड्यांच्या वेळेला मर्यादा होती. उरलेला वेळ भरण्यासाठी बँड बोलावून ध्वनिमुद्रण करणे भाग पडे. पील आणि त्यांचे निर्माते जॉन वॉल्टर्स यांनी या अडचणीचे सोने केले. वॉल्टर्स हे पूर्वाश्रमीचे ट्रम्पेटवादक. कराराचा अल्बम नसलेल्या, कधी एकही तबकडी न निघालेल्या बँडला ते पश्चिम लंडनमधील मेडा व्हेल स्टुडिओत बोलावीत. एका दिवसात साधारणपणे चार गाणी मुद्रित करून मिश्रणासह हातावेगळी करायची, असा खाक्या होता. शिवाय मानधनही मिळे; उपाशी मुलांना त्याचे मोल वेगळे सांगायला नको. अशी चार हजारांहून अधिक सत्रे झाली, दोन हजारांहून अधिक कलावंतांची.

जॉय डिव्हिजन, द स्मिथ्स, पी. जे. हार्वे ही नावे आज सर्वांना ठाऊक आहेत. शेफिल्डचा शाळकरी जार्व्हिस कॉकर याने पील यांच्या हाती कॅसेट दिली आणि १९८१ मध्ये त्याच्या 'पल्प'चे सत्र झाले. पुढच्या सत्रासाठी पल्पला १९९३ पर्यंत थांबावे लागले, आणि खरी कीर्ती त्यानंतर आली. पण पील यांचा खरा जीव गुंतला होता तो कीर्तीच्या वाटेला फारशा न गेलेल्या मंडळींत. मँचेस्टरकडच्या 'द फॉल'ची तब्बल चोवीस सत्रे झाली. मार्क ई. स्मिथ हा तिरसट गायक सोडला तर या बँडमधील माणसे सतत बदलत. पील यांचे प्रेम बदलले नाही. साउथॉलच्या 'मिस्टी इन रूट्स' या रेगे बँडची मैफल ध्वनिमुद्रिकेवर ऐकून ते भारावले आणि वर्षानुवर्षे ती वाजवीत राहिले. झिम्बाब्वेचे 'भुंडू बॉइज' त्यांनी ब्रिटिश श्रोत्यांच्या गळी उतरविले. बर्कनहेडच्या 'हाफ मॅन हाफ बिस्किट'ने आपल्या फुटबॉल क्लबच्या सामन्यासाठी दूरचित्रवाणीवरील मोठी संधी नाकारली. लिव्हरपूलचे कट्टर पाठीराखे असलेल्या, चारही मुलांच्या नावांत त्या क्लबच्या खुणा ठेवणाऱ्या पील यांना असे लोक न आवडते तरच नवल. ज्यांना रॉक संगीतात वेगळे काही ऐकायचे आहे, त्यांनी या चार नावांपासून सुरुवात करायला हरकत नाही.

अर्थात त्यांनी वाजविलेले सारेच थोर नव्हते. कित्येक बँड विस्मृतीत गेले ते योग्यच झाले. कधी तबकडी चुकीच्या वेगाने लागे आणि बराच वेळ कोणाच्या लक्षातही येत नसे. १९८३ मध्ये त्यांनी कार्यक्रमात मश्रूम बिर्याणीची तीव्र इच्छा बोलून दाखविली. ते ऐकून बिली ब्रॅग हा होतकरू गायक बिर्याणी आणि आपली तबकडी घेऊन बीबीसीच्या दारात हजर झाला. पील यांनी बिर्याणी स्वीकारली आणि गाणे लावले. तेही चुकीच्या वेगाने! बिर्याणी नसती तरी गाणे लावलेच असते, असा खुलासा त्यांनी केला.

सर्वांत मोठा जुगार त्यांनी १९७६ मध्ये खेळला. तोवर त्यांचे श्रोते लांबलचक, गुंतागुंतीच्या रॉक रचनांचे भोक्ते होते. स्वतः पील यांनीच १९७३ मध्ये माइक ओल्डफील्डचा 'ट्युब्युलर बेल्स' पूर्ण ऐकविला होता. अशा श्रोत्यांपुढे त्यांनी 'रमोन्स' या न्यूयॉर्कच्या बँडची दोन-दोन मिनिटांची दणदणीत गाणी ठेवली. संतप्त पत्रांचा पाऊस पडला. जुने श्रोते दुरावले, पोरसवदा नवे आले. वयाच्या छत्तिशीत असलेल्या निवेदकाने आपला जमलेला श्रोतृवर्ग असा मोडून टाकणे धाडसाचेच होते. पुढे हिपहॉप, नेपाम डेथचा कर्णकर्कश गदारोळ, टेक्नो असे बरेच काही आले, आणि प्रत्येक वेळी कोणी ना कोणी रुसलेच.

१९७४ मध्ये त्यांनी शीला गिलहूली यांच्याशी विवाह केला. सफकमधील ग्रेट फिनबरो गावात त्यांचा संसार फुलला. घर तबकड्यांनी भरले. हजारो तबकड्यांची नोंद पील स्वतः कार्डांवर टंकलिखित करून ठेवीत. कॅसेटींचे ढीग मात्र कधी संपत नसत. बीबीसीच्या जागतिक सेवेवरही त्यांचा कार्यक्रम होता, त्यामुळे शॉर्टवेव्हचा काटा फिरवीत बसणाऱ्या दूरदेशीच्या श्रोत्यांनाही हे सूर गाठता येत. १९९८ पासून 'रेडिओ फोर'वर 'होम ट्रुथ्स' हा घरगुती गोष्टींचा कार्यक्रम ते करू लागले आणि ज्यांनी रॉक कधी ऐकले नव्हते अशा घरांतही त्यांचा आवाज पोहोचला.

२००१ मध्ये मधुमेहाचे निदान झाले होते. १४ ऑक्टोबर २००४ रोजी 'रेडिओ वन'वरचा कार्यक्रम करून ते पत्नीसह पेरूला गेले. २५ ऑक्टोबरला कुस्को येथे हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले, वय पासष्ट. बरी सेंट एडमंड्सच्या कॅथेड्रलमधील अंत्यविधीला हजारावर लोक जमले. अपूर्ण आत्मचरित्र शीला यांनी पुरे केले. ग्लॅस्टनबरी महोत्सवातील नवोदितांच्या मंचाला २००५ मध्ये पील यांचे नाव मिळाले, ते २०२३ मध्ये बदलले.

घरात एक लाकडी पेटीही होती. आग लागलीच तर जणू आधी हीच उचलून बाहेर पडायचे, अशा आवडीच्या १४२ छोट्या तबकड्या तीत वेगळ्या काढलेल्या होत्या. ग्रेट फिनबरोच्या चर्चच्या आवारात त्यांची समाधी आहे. तिच्यावर डेरीच्या त्या पाच पोरांच्या गाण्यातील एक ओळ कोरलेली आहे.